तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

ज्या समाजात माणसाचं कौतुक त्याच्या तोंडावर करत नाहीत, त्या समाजात माणसं जास्त जगतात. कारण ते ऐकल्याशिवाय मरायची कुणाची तयारी नसते. मिनेसोटा राज्यातलं लिटल हेरिंग हे गाव याचा चालताबोलता पुरावा आहे. लोकसंख्या आठशेच्या आसपास, त्यातले निम्मे सत्तरीच्या पुढचे, आणि सगळे तब्येतीने ठणठणीत. गावात स्तुतीसाठी 'वाईट नाही' हा शब्दप्रयोग मंजूर आहे. त्याहून वरचा 'अजिबात वाईट नाही' हा या गोष्टीपूर्वी एकदाच वापरला गेला होता, धान्याच्या कोठाराला लागलेली आग एकट्याने विझवणाऱ्या गृहस्थाबद्दल. (तोही त्यांच्या अंत्यविधीला. हयातीत सांगितलं असतं तर डोक्यात हवा गेली असती.)

गावाचा दुसरा नियम देण्याघेण्याचा. कुणी काही देऊ केलं, मग तो कॉफीचा कप असो की बापजाद्यांची जमीन, तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'खरंच नको'. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी थोडं' असं म्हणून घ्यायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा अधाशी. तिसऱ्यांदाही नको म्हणणारा शिष्ट. याला पोटनियम असा की ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा नाही. घ्यावासा वाटलाच तर निम्मा कापून घ्यायचा. पुढच्याने त्याचा निम्मा. चर्चच्या तळघरात समारंभ संपला की ताटलीत चॉकलेटच्या वडीचा एवढासा कण उरलेला असतो आणि चार प्रौढ पुरुष सुरी घेऊन त्याच्याकडे बघत उभे असतात. देणाराही गावचाच असल्यामुळे तो न चुकता तीनदा विचारतो, आणि व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालते.

ऑर्विल टॉर्गरसन हा या व्यवस्थेचा आदर्श नागरिक. वय पन्नाशीच्या थोडं पुढे, तालुक्याच्या बर्फ काढणाऱ्या गाड्यांचा प्रमुख. थंडीत त्याच्यामुळे शाळा उघडायच्या, दवाखाने चालायचे, म्हातारी माणसं मुलांकडे पोचायची. त्याबद्दल त्याला कुणी काही म्हणत नसे, आणि कुणी काही म्हणत नाही याचाच अर्थ लोक खूश आहेत, हे त्याला कळत असे. तक्रार अशी त्याची कसलीच नव्हती. एक देवमासा सोडला तर.

त्याचं असं झालं होतं. ऑर्विल दुसरीत असताना हॉकनसनबाई वर्गात स्टिकर वाटायच्या. साधे स्टिकर (स्ट्रॉबेरी, हसरा सूर्य, चष्मा लावलेली मुंगी) त्या न विचारता वहीवर चिकटवून टाकत. पण त्यांच्या पत्र्याच्या डब्यात तळाला एक खास कागद असे: मुकुट घातलेला निळा देवमासा. नखाने खरवडला की त्याला ब्लूबेरीचा वास येई. (देवमाशाला ब्लूबेरीचा वास का, हे दुसरीत कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला स्टिकर मिळाले नसते.) एवढं मोठं बक्षीस कुणावर लादायचं नाही, असं बाईंचं मत होतं. म्हणून त्या आधी विचारायच्या, "हवाय का तुला?"

त्यांनी ऑर्विलला विचारलं. ऑर्विल घरच्या वळणाप्रमाणे "नको" म्हणाला. त्या दुसऱ्यांदा विचारणार, एवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि देवमासा बाजूच्या बाकावरच्या ड्वेनला मिळाला. ड्वेनची आई शिकागोची होती, त्यामुळे तो पहिल्याच फटक्यात हो म्हणाला. (पुढे तो सुधारला. आता गावात दातांचा डॉक्टर आहे आणि स्वतःची फीसुद्धा दोनदा नको म्हणून मग घेतो.) ऑर्विलने याबद्दल घरी, शाळेत, आणि लग्न झाल्यावर डार्लीनजवळसुद्धा चकार शब्द काढला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माणूस एवढंसं मनात ठेवतो, आणि तरी त्याला आपण बरे आहोत असं वाटतं. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

आता तळघरात बसून, सोंगं घेऊन, फाशांनी खेळायच्या एका खेळाकडे वळू. हा खेळ याच मुलखात जन्मला, यात नवल काहीच नाही. सहा महिने बर्फ पडलं की माणसं तळघरात उतरतात, आणि तळघरात उतरलेला माणूस फार काळ विमा एजंट राहू शकत नाही. तो बुटका योद्धा होतो, टोकदार कानांचा तिरंदाज होतो, जादूगार होतो. एक जण टेबलाच्या टोकाला बसून गुहा रचतो, तिच्यात राक्षस ठेवतो. बाकीचे आपण काय करतो ते सांगतात, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. लिटल हेरिंगची मंडळी शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात खेळत. तिथला खेळ चालवणारा गृहस्थ गुडघ्यांपायी उबदार ॲरिझोनाला राहायला गेला, तेव्हा गावात उरलेली, चारचौघांना गप्प बसवू शकणारी एकमेव व्यक्ती म्हणून हॉकनसनबाईंना विचारलं गेलं. (तीनदा.)

बाईंचं वय ऐंशीला टेकलेलं. खेळाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांनी उघडलं, पहिलं पान वाचलं, "पुढे चित्रं बरी आहेत" असा शेरा दिला आणि ते कॉफीच्या भांड्याखाली टेकू म्हणून सारलं. राक्षस मारल्यावर गुण किती द्यायचे, याचं त्यात मोठं कोष्टक होतं. बाईंनी घरून पत्र्याचा डबा आणला.

परिणाम थक्क करणारे होते. हजेरी शंभर टक्क्यांवर गेली. ड्वेनने शनिवारचा दवाखाना बंद केला. (दाढदुखीचे रुग्ण सोमवारपर्यंत कळ काढू लागले, तक्रार कुणाचीच नाही.) धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक मर्ल सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला गेला नाही, कारण त्या शनिवारी मुंगी मिळायची शक्यता होती. मिळालेले स्टिकर छातीवर मिरवणं हा आगाऊपणा, म्हणून मंडळी ते जाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटवत. मग बाजारात दोन गृहस्थ समोरासमोर आले की हवापाण्यावर बोलता बोलता, गरम होतंय असं दाखवून, जाकीट किंचित उघडत. उणे वीस तापमानात.

हे ऑर्विलच्या कानावर गेलं. डब्याच्या तळाशी एकच देवमासा उरलाय, हेही गेलं. पुढच्या शनिवारी तो तळघरात हजर. "डार्लीनने ही वडी पाठवलीय, द्यायला आलो होतो," असं म्हणाला आणि तीनदा आग्रह झाल्यावर बसला.

नवख्याने खेळाला सुरुवात कशी करावी, याचं शास्त्र आहे. आधी आपलं पात्र निवडायचं. ऑर्विलने बुटका योद्धा निवडला, कारण उंच निवडला तर लोक म्हणतील फुशारला. मग नाव ठेवायचं, जितकं भव्य तितकं बरं. त्याने 'ऑर्विल' ठेवलं. मग शस्त्र. बाईंनी जादूची तलवार देऊ केली. तो दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला, "बरं, पण लहानशी असली तरी चालेल."

या मंडळींचा खेळ इतर ठिकाणांपेक्षा किंचित सावकाश चाले, हे मान्य केलं पाहिजे. एक आख्खी दुपार गुहेच्या तोंडाशी गेली, कारण "तुम्ही व्हा पुढे" यापुढे गोष्ट सरकेना. आत राक्षस ताटकळून झोपी गेला. एकदा खजिना सापडला, तो चौघांनी एकमेकांना देऊ केला आणि शेवटी होता तिथे परत पुरला. मंडळाच्या स्थापनेपासून मारलेले राक्षस शून्य. भेटलेल्यांतल्या तिघांची मात्र तब्येत विचारली गेली.

मंडळात या भिडस्तपणाला अपवाद एकच: विनी पलुम्बो. टायरचं दुकान विकत घेऊन हा न्यू जर्सीहून आला होता. माणूस मोकळाढाकळा, मनातलं बोलणारा, त्यामुळे गावाला तो जरा आजारी वाटे.

ऑर्विलची मात्र देवमाशासाठी तयारी चालली होती. रोज पहाटे बर्फगाडीच्या केबिनमध्ये तो एकटाच मोठ्याने म्हणायचा, "हो बाई, हवाय." काचेवरचं बर्फ काढणारे वायपर त्याच्या शब्दाला ठेका धरत. "हो बाई, हवाय." रस्ता साफ, शब्द साफ. असे तीन आठवडे गेले.

आणि तो शनिवार आला. गोष्टीत गावाचा पूल एका ड्रॅगनने अडवला होता. तीन जण हरून बाजूला झाले आणि ऑर्विलची पाळी आली.

"मी त्याला म्हणतो, थंडी यंदा लवकरच आली," ऑर्विल म्हणाला.

"कुणाला म्हणतोस?" विनीने विचारलं.

"ड्रॅगनला."

"अरे बाबा, हातात तलवार आहे ना तुझ्या? घाल की!"

"असं एकदम कसं घालायचं? ओळख ना पाळख."

बाईंनी ड्रॅगनच्या वतीने मान डोलवली. "ड्रॅगन म्हणतो, हो ना, वर हवेत तर फारच गारठा."

मग ऑर्विलने जे केलं, ते पुढे कुणालाही जमलेलं नाही. त्याने दोन्ही गुडघ्यांवर हात आपटले आणि म्हणाला, "चला मग, निघतो." आणि निघाला नाही. उभा राहून त्याने पुलाच्या डांबराची चौकशी केली. पुन्हा "चला" म्हणून चार पावलं गेला आणि वळून सासऱ्याच्या ऑपरेशनचं सांगू लागला. मग पुलाच्या टोकाशी थांबून कुठल्या रस्त्याने गेलं म्हणजे बर्फ कमी लागेल, ते तीन पर्यायांसह. ड्रॅगनला मध्येच उडून जाता येईना. वाईट दिसलं असतं. अखेर ऑर्विल म्हणाला, "तेवढी डार्लीनची वडी घेऊन जा, बांधून देतो," आणि त्याने फासा टाकला.

वीस पडले.

"ड्रॅगन म्हणतो," बाई हसू आवरत म्हणाल्या, "घरी अंडी एकटी आहेत, येतो मी. आणि जो उडाला, तो दिसेनासा झाला." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ऑर्विलकडे नीट बघून म्हणाल्या, "ऑर्विल, अजिबात वाईट नाही."

मर्लने टोपी काढली. गावाच्या इतिहासात हे शब्द दुसऱ्यांदा उच्चारले जात होते, आणि यावेळी माणूस जिवंत होता.

बाईंनी डबा उघडला, तळातून कागद काढला. मुकुट जरा पिवळा पडला होता. बाकी देवमासा तोच. "हवाय का तुला?"

ऑर्विलने तोंड उघडलं. तीन आठवड्यांचा सराव जिभेवर होता. "नको, बाई," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला. पण हरकत नव्हती. आता दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. घंटा व्हायला इथे शाळा नव्हती.

"बघ हं," बाई म्हणाल्या, "शेवटचाच आहे."

हा शब्द त्यांनी नको होता उच्चारायला. वडी असती तर निम्मी कापता आली असती. "मग तर नकोच, बाई," ऑर्विल म्हणाला. "शेवटचा कसा घ्यायचा!"

बाईंनी तिसऱ्यांदा विचारायला श्वास घेतला. ड्वेन मान खाली घालून बसला होता. ऑर्विलचे कान लाल झाले होते, 'बरं, अगदी थोडं' ओठांवर आलं होतं.

"त्याला नकोय ना?" विनी म्हणाला. "मग मला द्या की. झकास आहे मासा!"

मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, याची लिटल हेरिंगमध्ये सोय नाही, कारण तिथे कुणी मागतच नाही. बाईंनी देवमासा दिला. ऑर्विल टाळ्या वाजवणारा पहिला. निघताना दाराशी तासभर निरोप चालला असताना बाई त्याला हळूच म्हणाल्या, "ऑर्विल, दुसरीत होतास तसाच राहिलास रे." हे कौतुक की काय, याचा विचार तो घरी पोचेपर्यंत करत होता. डार्लीनने विचारलं, "कसा झाला खेळ?" तो म्हणाला, "वाईट नाही." आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिला.

विनीने तो स्टिकर जाकिटाच्या आत नव्हे, सरळ दुकानाच्या काउंटरवर चिकटवला. तेव्हापासून तालुक्याच्या बर्फगाड्यांची निगा विलक्षण सुधारली आहे. प्रमुख स्वतः दर आठवड्याला टायर तपासायला दुकानात जातात. मालक मागे हवा भरायला गेला की काउंटरशी उभे राहून नखाने काहीतरी खरवडतात आणि डोळे मिटतात. वास अजून आहे. सगळ्या जिल्ह्यात इतके नवे टायर असलेला दुसरा तालुका नाही.

एकदा विनीने त्याला तसं पाहिलं. "अरे, हवाय का तुला? काढून देतो ना."

"छे, छे," ऑर्विल म्हणाला. "टायरचं बघायला आलोय."

"बरं," विनी म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. न्यू जर्सीत एकदाच विचारतात.

थंड मुलखातल्या माणसांची ही तऱ्हा. हवं ते डोळ्यांसमोर असताना नको म्हणायचं आणि मग जन्मभर लांबून वास घ्यायचा. आपल्याकडे सुदैवाने असलं काही नाही. आपला माणूस मनात असेल ते सरळ सांगून मोकळा होतो. म्हणून तुम्हालाही सरळच विचारतो. एवढा वेळ बसून वाचलंत, घसा सुकला असेल. आधण ठेवलंय, आलं किसून तयार आहे. चहा घेणार ना?

काय म्हणालात? नको, आत्ताच झाला?

बरं, राहिलं.