जव आटत नाहीत

"तुम्ही एक दिवस स्वतःच्या हाताने सूप करा. मी ते वाटीभर खाईन आणि मग तिकीट काढायला जाईन," मास्तरांच्या बायकोने शुक्रवारी जेवता जेवता जाहीर केलं, आणि ती ताट उचलून बेसिनकडे गेली. म्हणजे विषय संपला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दारावर त्यांनीच शिवलेला पडदा. हा पडदा पहिल्याच धुण्यात आटून वीतभर वर गेला होता. त्या दिवसापासून पाण्यात जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर मास्तरांचा विश्वास उरला नव्हता. गिऱ्हाइकाने नवं कापड आणलं की ते आधी भिजवायचे, वाळवायचे, मगच कात्री लावायचे. एवढं करूनही, आटेल म्हणून वर थोडी घट धरायचे ती धरायचेच.

बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. येणाऱ्या प्रत्येकाला दिवसभर "अजिबात दुखणार नाही" असं सांगायची, त्यामुळे काहीही बोलताना तिचा चेहरा हलत नसे. तिची धाकटी बहीण समुद्राकाठी राहायला गेली होती आणि फोन खिडकीबाहेर धरून हिला लाटा ऐकवायची. लाटा ऐकून झाल्या की ही उसासा टाकायची. "येईन गं. पण ह्यांना मागे कोण बघणार?"

हे ऐकून ऐकून आपण नवरा आहोत की कुंडीतलं रोप, असा मास्तरांना प्रश्न पडायला लागला होता. बायको आपल्यापायी कुठे जात नाही, हे त्यांना आतून लागायचं. या खेपेला मात्र तिने माळ्यावरची बॅग काढली होती, पुसली होती, आणि पलंगावर उघडी ठेवली होती. भरली नव्हती. उद्याचं सूप बिघडलं तर ती बॅग पुन्हा माळ्यावर जाणार, आणि मग काही खाली यायची नाही.

"नीट ऐका," बायको म्हणाली. "एक वाटी अख्खे जव. झोपायच्या आधी भिजत घाला. सकाळी वेगळ्या पातेल्यात शिजवा. भाज्यांचं सूप वेगळं करा. वाढायच्या वेळेला जव त्यात सोडा. वेगळे म्हणतेय मी. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"काय म्हणाले मी?"

"वेगळे."

ती झोपायला गेल्यावर मास्तरांनी वाटीभर जव मोजून घेतले आणि ते त्यांच्याकडे बघत राहिले. एक वाटी पाण्यात जाणार. आटून अर्धी होणार. उद्या गरम पाण्यात शिजताना आणखी आटणार. शेवटी हाती काय लागणार, चमचाभर? कापड कमी पडलं तर जोड तरी देता येतो, सुपाला जोड कुठून देणार? त्यांनी घट धरली. मग थोडी आणखी धरली. मग पिशवीत उरलेल्या जवांचं उगाच काय करायचं म्हणून भिजवायच्या पातेल्यात अख्खी पिशवीच झटकून टाकली.

सकाळी बायको कामावर गेली आणि मास्तर ओट्याकडे वळले. पातेल्यावरचं झाकण टोपी उचलून नमस्कार करावा तसं वर आलं होतं आणि खालून जव बाहेर डोकावत होते. मास्तर डगमगले नाहीत. ओलं कापडही फुगल्यासारखं दिसतं. एकदा गरम पाणी बसलं की बरोबर जागेवर येतं.

वेगळं शिजवण्याचं त्यांच्या लक्षात होतं. पण ते त्यांना पटेना. अस्तर आणि वरचं कापड नेहमी एकत्र भिजवावं. वेगवेगळं भिजवलं की एक जास्त आटतं, एक कमी, आणि कोटाला झोळ येतो. तेव्हा त्यांनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं, कांदा परतला, पट्टीने मापून सारखी कापलेली गाजरं टाकली, टोमॅटो टाकले, पाणी ओतलं आणि त्यात सगळे जव सोडले. मीठ मात्र त्यांनी टाचण्या लावाव्यात तसं घातलं. थोडं घालायचं, एक पाऊल मागे सरकून चव बघायची, पुन्हा थोडं.

थोड्या वेळाने बघितलं तर पाणी गायब. मास्तरांनी पाणी घातलं. वळून येईपर्यंत तेही गायब. पातेल्यातून फक्त एक समाधानी फदफद ऐकू येत होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"सूप."

"जव किती घेतलेत?"

"बेताचे."

"शिजले का?"

"शिजतायत. अंगाने चांगले भरलेत."

"जव अंगाने भरत नसतात. दाताखाली कचकचायला नकोत एवढं बघा. आमच्या डॉक्टरांकडे आधीच गर्दी आहे." मागे कोणीतरी कण्हत होतं. "अजिबात दुखणार नाही हं," ती त्याला म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तरांनी अर्धं सूप दुसऱ्या पातेल्यात काढलं आणि दोन्हींत पाणी घातलं. दोन्ही भरली. मग तिसरं आलं. मग कुकर, मग कढई, मग पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला मोठा डबा. शेवटी चहाचं भांडंसुद्धा कामाला लागलं, आणि तरी मधल्या पातेल्याचं झाकण हळूच वर येत होतं. मास्तर चष्मा काढून स्टुलावर बसले. धुतल्यावर वाढणारी वस्तू त्यांना जन्मात पहिल्यांदाच भेटली होती.

"आटत नाहीत," ते पातेल्यांना म्हणाले. पातेली फदफदली.

बायको येऊन हा पसारा बघणार. सरळ स्टूल घेणार आणि बॅग माळ्यावर टाकणार. मास्तर उठले. हे सूप घरातून गेलं पाहिजे, एक वाटी सोडून सगळं.

नशिबाने शनिवार म्हणजे कपडे न्यायचा दिवस. पहिल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी.

"मास्तर, झाला का माझा कोट?"

"झाला. डबा आणलाय?"

"कोटाला डबा?"

"सूप आहे. जवाचं. गरम आहे."

वहिनींनी पडद्याकडे नाक वळवलं. वास खरंच चांगला सुटला होता. "बाई कुठे गेल्या आज?"

"कामावर. मीच केलंय."

वहिनींनी मास्तरांना असं निरखलं, की आता त्यांचंच माप घेऊन पाठीवर खडूने खुणा करतील. मग वर जाऊन त्या पातेलं घेऊन आल्या. मास्तरांनी ते आत नेऊन काठोकाठ भरून आणलं. मग बँकेतले साहेब पँट न्यायला आले आणि पँटच्या जोडीला डबा घेऊन गेले. ट्रकवाले दादा शर्टाला बटण लावून घ्यायला आले होते. त्यांना बादलीभर सूप देऊ केलं तर त्यांनी ते आनंदाने घेतलं. दुपार कलेपर्यंत गल्लीतल्या घराघरांत जव पोचले आणि मास्तरांची पातेली मोकळी झाली. त्यांनी बायकोसाठी ठेवलेलं छोटं पातेलं झाकून ठेवलं आणि हुश्श केलं.

त्यांचा हुश्श पुरा व्हायच्या आत वरच्या वहिनी परत आल्या. त्यांनी पातेलं उलटं धरलं. काहीही पडलं नाही.

"मास्तर, ह्यात सूप कुठंय?"

"दिलं तेव्हा होतं की."

"मग गेलं कुठे?"

"प्यायलं त्यांनी."

"कोणी?"

"जवांनी."

"आणि मी काय पिऊ?" वहिनी म्हणाल्या. "जरा ढिलं करून द्या."

हे वाक्य मास्तरांच्या रोजच्या कानावरचं. त्यांचा हात आपोआप कामाला लागला. "किती सोडू?"

"दोन बोटं सोडा."

मास्तरांनी उकळतं पाणी आणलं, दोन बोटं सोडलं, ढवळलं, चव घेतली, चिमूटभर मीठ टाकलं. वहिनी खूश होऊन गेल्या. मागून साहेब आले. "पँट अगदी मापात बसली. सूप मात्र फार घट्ट झालंय हो." त्यांच्या मागे दादा बादली घेऊन उभे होते. बादलीत पळी उभी होती, कोणी न धरता.

ढिलं करून नेलेलं सूप घरी पोचून वाढेपर्यंत पुन्हा घट्ट व्हायचं, आणि माणसं पुन्हा यायची. दर खेपेला पाणी वाढायचं, जव ते पिऊन फुगायचे, भांडं अपुरं पडायचं, मग माणूस दुसरं भांडं घेऊन यायचा. ज्यांना सकाळी सूप मिळालंच नव्हतं तेही आता रांगेत होते, कारण रांग होती. आणि कोणी तक्रार करत नव्हतं. उलट रांगेत उभ्या उभ्या चमच्याने खाणं चाललं होतं.

मास्तरीणबाई कामावरून परतताना कोपऱ्यावरून वळल्या तेव्हा रांग विजेच्या खांबापर्यंत आली होती. त्या घाईने पुढे निघाल्या तशी दादांनी बादली आडवी धरली.

"रांगेत या, बाई."

"ते माझं घर आहे."

"सगळे असंच काहीतरी सांगतात."

त्या बादलीखालून आत शिरल्या. आत काचांवर वाफ धरली होती. ओट्यावर घरातलं एकूण एक भांडं होतं, आणि मास्तरांच्या गळ्यातल्या टेपला जव चिकटले होते.

"एक वाटी म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"घट धरली जरा."

"जवाला?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्या स्टुलाकडे बघत होत्या. माळ्याकडे बघत होत्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "आणा. ठरल्याप्रमाणे वाटीभर."

मास्तरांनी छोट्या पातेल्यातलं सूप दोन बोटं पाणी सोडून वाटीत वाढलं. आखूड पडद्याखालून रांगेतले चार-पाच जण वाकून बघू लागले. बाईंनी एक चमचा खाल्ला. सावकाश चावला. "कचकचत नाही." दुसरा खाल्ला. "जळकं लागत नाही." तिसऱ्यानंतर चमचा थांबला नाही. वाटी रिकामी झाली.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. दात काढावाच लागेल, हे पेशंटला सांगावं त्या आवाजात.

पडद्याखालून साहेबांचा आवाज आला. "मग जाच तुम्ही, मास्तरीणबाई. इथली काही काळजी करू नका."

"खुशाल जा," दादा म्हणाले. "काही अडत नाही आमचं."

रांगेने होकार दिला. बाईंनी बॅगेकडे बघितलं, आणि मास्तरांनी बाईंकडे. इतकी वर्षं जिने हे घर "माझ्यावाचून अडेल" या धाग्यावर शिवलेलं ठेवलं, तिच्यासमोर गल्लीने तो धागा भर रांगेत उसवला होता. सूप बिघडलं असतं तर ती चिडली असती, पण एवढी लहान दिसली नसती.

"बाकी सगळं जमलं," मास्तर टेपवरचा जव खरवडत म्हणाले. "मिठाचं मात्र काही जमेना. ते वरच्या वहिनींनी घातलं. नाहीतर कोणाच्या तोंडात धरवलं नसतं."

बाईंच्या कपाळावरची रेघ झटकन गेली. "तरीच. म्हटलं, मीठ एवढं बरोबर कसं पडलं."

"मला कुठे कळतंय त्यातलं."

"तुम्हाला चिमूट म्हणजे मूठ वाटते." त्या उठल्या, केस सारखे केले, पर्स घेतली. चालीत एकदम उभारी आली होती. "येते तिकीट काढून. चार दिवस काय, असे निघून जातील. मीठ वहिनींना घालायला सांगून ठेवते जाता जाता."

"वहिनींना कशाला उगाच..." मास्तर म्हणेपर्यंत त्या जिना चढायला लागल्या होत्या.

बाई परतल्या तेव्हा रांग पांगली होती आणि मास्तर कुकर घासत होते. पाठ दाराकडे ठेवूनच त्यांनी विचारलं, "भेटल्या वहिनी?"

"भेटल्या. कोट छान बसलाय त्यांना."

"मिठाचं..."

"विचारलं."

मास्तर कुकर एकाच जागी घासत राहिले.

"म्हणाल्या, मी दारातूनच कोट घेतला, दारातूनच सूप घेतलं. तुमचं स्वयंपाकघर मी आज बघितलंसुद्धा नाही."

बाईंनी छोटं पातेलं उघडलं, उरलेलं सूप वाटीत काढलं, त्यात आपणहून गरम पाणी ओतलं आणि त्या वाटी घेऊन पलंगावर बॅगेच्या शेजारी बसल्या.

"तिकीट मिळालं ना?" मास्तरांनी विचारलं.

"मिळालं."

"परतीचं चौथ्या दिवसाचं?"

"पंधराव्या."

मास्तर हातातल्या कुकरसकट वळले. "पंधराव्या?"

"चार दिवसांत काय बघून होतंय," बाई चमच्यावर फुंकर घालत म्हणाल्या. त्यांचा चेहरा जराही हलला नव्हता. "आणि आता मिठाचीही चिंता नाही. वरच्या वहिनी आहेतच की."