किशनकाकांचा शक

आमच्या पूर्णेत कुणाच्याही घरी माणूस गेलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसत किशनकाका हजर. रडायला नव्हे, तपासणीला.

आमच्याकडे माणूस जिथं प्राण सोडतं, तिथं संध्याकाळी ताटात पीठ पसरतात, जवळ दिवा लावतात आणि ताटावर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलायचं. पिठात ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेलं. गाईचा खूर उमटला म्हटलं, की घर निम्मं दुःख विसरतं. किशनकाका मात्र ताटापाशी उकिडवे बसत, बोटानं माप घेत आणि जाहीर करत, "शक हाय! हे उंदराचं हाय. टोपल्याला भोक बघा हितं."

त्यांना कुणी बोलवत नसे आणि कुणी हाकलतही नसे. जन्मभर रेल्वेत टीसी होते. निवृत्त झाले तरी नजर तीच. एकदा देवळात कीर्तनकार बुवा रंगात आले होते. प्रवासी डबा बदलतो तसा आत्मा देह बदलतो, म्हणाले. किशनकाका उठलेच. "डबा बदलला, कबूल. पर मागचं टेशन ध्यानात न्हाई, सोताचं नाव ध्यानात न्हाई, बायकापोरं ध्यानात न्हाईत. मग त्यो तोच पॅशिंजर हाय कशावरून? सामान कुठं गेलं त्याचं?" बुवांनी घाईघाईनं गजर धरला.

डॉक्टरही सुटले नाहीत. "छाती बघितली, पोट बघितलं. आता मन कुठं बसतं ते दाखवा. बिगर जागेचा पॅशिंजर मी मानत न्हाई."

मला हा माणूस आवडत नसे, खोटं कशाला बोलू. मी शाळामास्तर. पुराव्याशिवाय काही मानू नका, हे मीही मुलांना शिकवतो. पण ते सुतकाच्या घरात जाऊन सांगायचं? शिवाय मला त्यांचाच शक यायचा. रोज सकाळी हे आमचे शेजारी इकडेतिकडे बघत आपल्या अंगणात मूठभर ज्वारी टाकत आणि चिमण्या आल्या की एकेकीला वाकून न्याहाळत. मी एकदा हटकलं. "पाखरं हायत, खायलेत. तुला काय तकलीफ?" म्हणाले आणि धाडकन दार लावून घेतलं.

यामागची गोष्ट गल्लीला ठाऊक होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत गाड्या अडकल्या, तेव्हा काका दूर ड्यूटीवर होते. इकडे त्यांची बायको, आमच्या कमलकाकू, दोन दिवसांच्या तापात गेल्या. काका पोचले तोवर सगळं उरकलं होतं. ताटही उचललं गेलं होतं. टोपलं माझ्या आईनं काढलं होतं. ती म्हणाली, "चिमणी होती, भावजी. दोन पावलं. दाराकडं गेलेली."

काकांनी विचारलं, "तुमच्याबिगर कुणी पाह्यलं?"

कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ते गावभर पिठं तपासत फिरले. "एक तरी खरं निघू द्या," ते म्हणत, "मग वैनीनं पाह्यलेलंबी खरं धरीन." इतक्या वर्षांत एकही निघालं नाही.

मग माझे वडील गेले. सकाळी काका आले, तसा मी त्यांना दारातच अडवलं. "काका, आज नको."

आतून आईनं आवाज दिला. "येऊ दे त्यांना. मला मेलीला मोतीबिंदूनं दिसत न्हाई. भावजी, तुमीच बघून सांगा. तुमी खोटं बोलायचे न्हाईत."

माझा नाइलाज झाला. मी टोपलं उचललं. पीठ कोरं होतं. उंदीरसुद्धा फिरकला नव्हता. काका उकिडवे बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता यांनी 'शक हाय' म्हटलं तर म्हाताऱ्याला बखोटीला धरून बाहेर काढायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

"चिमणी हाय, वैनी," काका म्हणाले. "दोन पावलं. दाराकडं गेलेली."

आईनं पदर तोंडाला लावला. "शक न्हाई ना?"

"न्हाई."

बाहेर येऊन ते ओट्यावर बसले. "मास्तर, तुझी आई त्या वक्ताला माझ्याशी खोटं बोलली."

"कशावरून?"

"आत्ता मीबी तेच बोललो न्हवं." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "कमलचं पीठबी कोरंच असणार रे."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. एवढी वर्षं सगळ्या गावात शोधत होते, आणि निकाल लागला तो आमच्या घरात. त्यांना दारात अडवलं याची मला लाज वाटली.

आता ज्वारी बंद होणार, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं. काकांनी आपल्या अंगणात मूठ टाकली. इकडेतिकडे बघितलं नाही. मग कुंपणापाशी आले आणि दुसरी मूठ आमच्या अंगणात टाकली.