भिंतीपलीकडची शाब्बासकी

आपल्याला खोकला आला की लोक काय करतात? कोणी पाणी आणून देतं, कोणी पाठीवरून हात फिरवतं, कोणी आपली खुर्ची जराशी दूर सरकवतं. आमचे शेजारी सदाराम भाऊजी म्हणतात, "शाब्बास!"

तेही हळू नाही. आमगावात त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मधात छातीएवढी विटांची भिंत आहे. इकडे कोणी खोकललं की तिकडून आवाज आलाच समजा. सकाळी कोणी चांगलं घसा खरडून खाकरलं तर "वा बाप्पा, वा!" असं वेगळं बक्षीस.

माझ्या मोठ्या मुलीला पाहायला चिचगडहून पाहुणे आले होते. मुलाचे वडील बिडीचे शौकीन. पोह्याचा घास तोंडात आणि ठसका लागला. बिचारे लाजून रुमाल शोधत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून, "शाब्बास! आनखी एक येऊ द्या!"

पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "शेजाऱ्यांचा पोपट आहे जी."

झालं. भाऊजी स्वतःच दारात येऊन उभे. "मी पोपट नोहो जी," म्हणाले, आणि पाहुण्यांच्या बाजूला बसून त्यांना श्वासनळी समजावायला लागले. कफ हा शब्द त्या पोह्यांच्या बैठकीत किती वेळा आला म्हणता! तरी लग्न जमलं. आमचे व्याही अजूनही भेटले की आधी विचारतात, "पोपट कसा आहे?"

भाऊजी डॉक्टर नाहीत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेच्या नळ्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या पुसायच्या, बेडूक पकडून आणायचे. पण ज्याला एकदा काही दिसलं त्याला ते आयुष्यभर पुरतं, तसं त्यांचं झालं. एकदा सरांनी पोरांना मेलेल्या बेडकाचा घसा उघडून दाखवला. त्या ओल्या कातडीवर कोळशाचा बारीक कण ठेवला आणि म्हणाले, सदाराम, तू पण पाहा.

"तो कण चालून राहिला होता इंदूबाई," भाऊजी मला सांगतात तेव्हा अजून डोळे मोठे करतात. "कोनी ढकलून नव्हतं राहिलं. आपोआप, एका बाजूनं चालला. बेडूक मेला, पन त्या मेल्या नव्हत्या."

त्या म्हणजे कोण? तर आपल्या श्वासाच्या नळीला आतून एक नाजूक अस्तर असतं. त्या अस्तराला केस असतात, डोळ्याला न दिसणारे. वर चिकट पाण्याचा थर. हवेतली धूळ त्या चिकट पाण्यात फसते आणि ते केस एकामागून एक वाकत ती धूळ वर घशाकडे सारत नेतात. दिवसरात्र. मग आपण ती थुंकतो, नाहीतर गिळून टाकतो. एवढं मला भाऊजींकडूनच कळलं. माझी शाळा चौथीची.

भाऊजी त्यांना केस म्हणत नाहीत. 'रोवणीवाल्या' म्हणतात. धानाच्या बांधीत रोपं लावताना बायका रांगेनं वाकतात, एकीचा हात खाली तर दुसरीचा वर, सारी रांग लाटेसारखी हलते, अगदी तशा. "तुमच्या नळीत लाखो रोवणीवाल्या आहेत. चिखलात उभ्या. मजुरी नाही, सुट्टी नाही. आणि तुमी त्यायच्यावर बिडीचा धूर सोडता! झिंगून पडतात ना बिचाऱ्या!" स्वतः तीस वर्षं बिडी ओढलेला माणूस, पण तो बेडूक पाहिल्यावर सोडली ती सोडलीच.

आणि रोवणीवाल्यांच्यानं काम उरकलं नाही की त्या हाक मारतात. तो खोकला. म्हणून शाब्बास.

मी तेव्हा राईस मिलमध्ये झाडायला आणि पाखडायला जायची. आम्ही आठ-दहा बायका. धानाची धूळ म्हणजे काय ते जिनं झाडलं तिलाच ठाऊक. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, घरी गेलो की पोरं भुतं आली म्हणून हसायची. भाऊजी रिटायर झाले आणि रोज सकाळी मिलच्या फाटकावर उभे राहायला लागले. हातात पिशवी, पिशवीत मऊ सुती कापडाच्या घड्या. प्रत्येकीला एक. नाका-तोंडावर बांधायची.

शेठ हसून म्हणाले, "क्या काका, सबको डाकू बनाओगे?"

"डाकू नाही शेठ, राखनदार," भाऊजी म्हणाले.

आमची फुलवंता तोंडाची फाटकी. "मळणीच्या बैलाले मुसकी बांधतात तशी बांधून राहिले भाऊजी आम्हाले. धान खाऊन टाकू म्हून का?" सगळ्या हसल्या. भाऊजींची पाठ फिरली की मी ते कापड गळ्यात ओढायची. उकाड्यात जीव गुदमरायचा हो.

पण संध्याकाळी ते पुन्हा फाटकावर हजर. सगळी कापडं परत घ्यायचे. एकही सोडायचे नाहीत. फुलवंता म्हणायची, चिंध्यांचा एवढा लोभ कायले? घरी नेऊन ते पाण्यात उकळायचे, दोरीवर वाळवायचे. घेताना प्रत्येक कापड उजेडात धरून पाहायचे. माझं पाहिलं की चेहरा पडायचा.

"हे तर कोरं आहे इंदूबाई. म्हंजे आजची धूळ कुठी गेली?"

मी पदरानं भुवयांवरची धूळ पुसायला लागले.

"आत गेली. रोवणीवाल्या बोंबलून राहिल्या असतील."

बोंबलतच होत्या. त्या हिवाळ्यात माझा खोकला महिना झाला तरी जाईना. भाऊजींची शाब्बासकी हळूहळू बारीक झाली, मग बंद झाली. त्याऐवजी रोज भिंतीशी येऊन एकच, "गोंदियाले दवाखान्यात चला. छातीचा फोटो काढू." मला मजुरी बुडवायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर फोटोत काय निघेल याचं भ्यावही होतं. मी दुकानातून खोकला दाबायची बाटली आणली आणि अंगणात बसून चमचाभर घेतली.

भाऊजींनी ते भिंतीवरून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. "दाबून कायले राहिल्या? काऊन येऊन राहिला ते आधी पाहा ना!"

मीही तापलेली. म्हटलं, "माझा खोकला आहे भाऊजी, तुमच्या घरचा नोहे."

ते आत गेले. तीन दिवस भिंतीपलीकडून चकार शब्द नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भिंतीवर माझ्यासाठी एक नवं कापड ठेवलेलं. उचलून पाहिलं. एका कडेला बोटभर काठ होता. हिरव्यावर लाल रुईफुलाचा. हा काठ मी ओळखत होते. भाऊजींची बायको, यमुनाबाई, माझ्या धाकटीच्या बारशाला हेच लुगडं नेसून आली होती. तिला जाऊन किती वर्षं झालेली. एवढी वर्षं आम्ही तोंडाला बांधून हसत होतो ते तिचंच लुगडं. आम्हाला कळू नये म्हणून भाऊजी सगळ्या कापडांचे काठ कापून टाकायचे. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हा एक काठ सुटून गेला.

मी कापड हातात घेऊन त्यांच्या दारात गेले. काठ पुढे केला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि कळलं त्यांना.

"राहून गेला वाटते," म्हणाले. मग कापडाची घडी घालत, "तीही मिलमध्येच होती. खोकलायची. घरी कोनी आलं का मी म्हनत होतो, चूप राय, पाहुणे आहेत. तोंडात पदर कोंबून बसत होती बिचारी. खोकला बंद करायच्या बाटल्या मीच आनून देत होतो. तो बेडूक मले तिच्या मांगून दिसला इंदूबाई. वर्षभरानं."

त्याच दिवशी मी त्यांच्यासोबत गोंदियाला गेले. छातीचा फोटो निघाला. डॉक्टरीण म्हणाली, धुळीनं नळ्या सुजल्या आहेत, वेळेवर आलात, आता झाडणं बंद. औषध लिहून दिलं. शेठनं कुरकुर करत का होईना, मला बाहेर तांदळाचे बोरे शिवायला बसवलं. फुलवंतेला मी काठाची गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून मिलमध्ये कोणाचं कापड गळ्यात उतरलं नाही.

परवा संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. पलीकडून आवाज आला, तोंडावर हात दाबून कोणी खोकलावं तसा. पुन्हा आला. तसाच दाबलेला.

मी उठून भिंतीशी गेले. "भाऊजी, कायले दाबून राहिले? तुमच्या घरी कोनते पाहुणे आले?"

मग खोकला आला, मोकळा, चांगला पोटातून.

मी सारा जोर लावून ओरडले, "शाब्बास!"

पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं,

"थांबा, आनखी एक आहे."