दिवे घालवणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉक्टर कुमुद परांडकर चिठ्ठी लिहायला लागल्या की तिच्यात चष्म्याचा नंबर येणार की भाजी, हे देवालाच ठाऊक. छावणी भागात माझं चष्म्यांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. पेशंट जिना उतरून माझ्या काउंटरवर चिठ्ठी ठेवायचा आणि मी वाचायचो, 'शेवग्याचा पाला, दोन मुठी, वरणात.' एक रिक्षावाले चाचा तर हटूनच बसले. डॉक्टरनी खाली दाखवा म्हणून सांगितलंय, म्हणजे माल असणारच, तुम्ही दाबून ठेवलाय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी फ्रेमांच्या कपाटाशेजारी लाल भोपळे ठेवायला लागलो. खोटं कशाला सांगू, काही महिने फ्रेमांपेक्षा भोपळेच जास्त खपले.

बाई मुळात सर्जन. मोतीबिंदू काढताना हात इतका हलका की पेशंट टेबलावर घोरायचे. मग एका खेड्यातल्या शिबिरात त्यांच्यासमोर बहीणभाऊ आणून बसवले. नीट खायला न मिळाल्यानं दोघांची बुबुळं पार गेलेली. "त्याला ऑपरेशन नसतं," एवढंच त्या सांगायच्या. तिथून त्या सरकारी पोषणाच्या कामात शिरल्या, जिल्ह्यातल्या अंगणवाड्या पालथ्या घातल्या आणि निवृत्तीनंतर माझ्या डोक्यावर येऊन बसल्या.

डोळा हा पोटाचा भाडेकरू आहे, हे त्यांचं लाडकं वाक्य. समोरच्याची खालची पापणी ओढून बघितल्याशिवाय त्यांचा नमस्कार पुरा व्हायचा नाही. एकदा हवालदारानं त्यांची स्कूटर अडवून लायसन मागितलं. बाईंनी आधी त्याची पापणी ओढली. तो रक्त कमी असल्याच्या काळजीनं असा गळाला की लायसन बघायचंच राहून गेलं. मयताला गेल्या तरी तेच. रडून लाल झालेले डोळे तपासायला बरे पडतात, म्हणायच्या.

अशा बाईला मी रेणूच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लग्नाला बोलावलं.

सासरची मंडळी दौलताबादकडची, मोठी बागायतदार. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन. मुलीकडच्यांनी वरपक्षापुढं वाकून राहायची वेळ. विहीणबाईंना पहिल्या पंगतीत बसवून मी स्वतः पापड वाढत होतो, आणि तेवढ्यात हॉलमधले निम्मे दिवे गेले. बघतो तर बटणांच्या फळीपाशी कुमुदताई. दिवेलागणीइतका उजेड ठेवला की रातांधळं माणूस ओळखू येतं, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. मी हात जोडले. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या.

मंडळी कुरकुरत का होईना, आपापल्या पानावर येऊन बसत होती. नवऱ्या मुलाची वहिनी, सुनीता, तेवढी उभी होती. सहा-सात महिन्यांची गरोदर. खांबाला धरून एक पाऊल पुढं टाकायची आणि मागं घ्यायची.

कुमुदताईंनी तिचा हात धरला आणि संध्याकाळनंतर कधीपासून दिसत नाही, असं विचारलं. पोरीनं आधी सासूच्या दिशेनं तोंड वळवलं. मग रडायलाच लागली. सांगितलं असतं तर सासूनं माहेरी धाडलं असतं, या भीतीनं ती रोज अंधार पडायच्या आत कामं उरकून पलंगावर बसून राहायची. काय खातेस विचारलं तर चहा, बिस्किटं आणि भात. दूध पचेना, आणि अंडी, पपई, शेवगा, पालेभाजी, सगळं बाधतं म्हणून घरच्यांनी बंद केलेलं.

"आमच्या घरी खायला कमी नाय," विहीणबाई पानावरून उठल्या.

"कमी नाही, म्हणूनच लाज वाटते," कुमुदताई म्हणाल्या.

लग्न मोडलं, असं समजून मी हातातल्या पापडांसकट खाली बसलो. पण रेणू भरजरी साडीत तरातरा आली आणि सुनीताच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. त्या दोघींकडं बघून विहीणबाई परत पानावर बसल्या. लग्न लागलं, पण मानपानाच्या साड्या त्यांनी माझ्याकडं न बघताच स्वीकारल्या.

पुढच्याच आठवड्यात कुमुदताई स्कूटरवरून थेट त्यांच्या मळ्यात. कुणी या म्हटलं नव्हतं. पहिल्या खेपेला विहीणबाईंनी कुत्रं सोडलं. रेणू सांगत होती, बाईंनी त्याचीही पापणी ओढली. रोज थोडं औषध आणि शेवग्याचं वरण, भोपळ्याची भाजी, अंडं. सुनीता समोर जेवेपर्यंत बाई उंबऱ्यावरून हलायच्या नाहीत. काही दिवसांनी एका संध्याकाळी सुनीता एकटी गोठ्यापर्यंत जाऊन आली आणि विहीणबाई स्वयंपाकघरात तोंड फिरवून बराच वेळ भांडी लावत बसल्या.

मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण द्यायला विहीणबाई स्वतः छावणीत आल्या, आणि माझ्या दुकानात न थांबता आधी जिना चढल्या.

बारशाला मी कुमुदताईंना गाडीतून नेलं. त्या चक्क पैठणी नेसून आल्या होत्या. दिवसभर कुणाच्या पापणीला हात लावला नाही. पाळण्याशेजारी बसल्या, घुगऱ्या खाल्ल्या, विहीणबाईंनी त्यांची ओटी भरली तेव्हा खाली बघत राहिल्या. मला वाटलं, तब्येत बरी नसावी.

परतताना मी तसं विचारलं.

"कामासाठी मी इतकी घरं हिंडले, पण सगळीकडं न बोलावता माझी मीच जात होते," त्या म्हणाल्या. "अशा घरातनं बोलावणं आलं की काय नेसून जायचं असतं, ते कळेना. ही साडी बरी दिसली ना?"

"लई छान दिसली," मी म्हणालो.

त्यांनी पदराची घडी हातानं सपाट केली आणि घर येईपर्यंत तो हात तिथंच ठेवला.