दोन घोडे, एक अंगठा

"डोराआजी, तुम्ही रिटायर कधी होणार?"

टेसाने प्रश्न विचारला आणि रॅटल क्रीक क्लबाच्या लांबलचक टेबलावर चाळीस चमचे बीन्सच्या वाडग्यात तसेच थबकले. कोणीतरी मक्याचा पाव गिळायचा विसरून ठसकलं.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तिच्या वर्गातल्या नेल आणि ऑड्रीने शेजारी बसून तिला डिवचलं होतं, "हिंमत असेल तर विचार!" हिंमत? टेसाकडे? गेल्या महिन्यापर्यंत क्लबात तिचं टोपणनाव 'चिमणी' होतं, हे मान्य. पण सोळावा वाढदिवस झाल्या झाल्या तिने रजिस्टरातली चिमणी खोडून तिथे ठसठशीत अक्षरांत 'चक्रीवादळ' लिहिलं होतं. आता चक्रीवादळ काय दारावर टकटक करून आत येतं?

रॅटल क्रीकवर खरं नाव कोणी विचारत नाही. महिन्यातल्या एका शनिवारी वायोमिंगच्या त्या उघड्या माळावर सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे चढवून जमतात, जुन्या धाटणीच्या बंदुकांनी लोखंडी पाट्या पाडतात, आणि गुणांच्या कागदावर सालसुद्धा १८८६ घालतात. दुनळी डोरा ही तिथली महाराणी! वय चौऱ्याहत्तर, काळा घोळदार झगा, परातीएवढी टोपी आणि टोपीला खडखड्या सापाच्या कातड्याचा पट्टा. बायकांच्या दुनळी स्पर्धेत जिंकणारीला मिळणारा तो पट्टा एकोणीस वर्षं तिच्याकडेच होता.

डोराने बीन्स वाढायची पळी शांतपणे पातेल्यात ठेवली.

"मला कोणी हरवलं की होईन रिटायर. पण चिमणे, तुझ्या आईच्या त्या बोडक्या बंदुकीने नाही हं! सशाच्या कानांसारखे दोन घोडे बाहेर दिसतात ना, तसली आण. पुढच्या महिन्यात हरवलंस, तर एकोणीस वर्षं जे माझं आहे ते सगळं तुझं."

"आणि हरले तर?"

"उन्हाळाभर माळावरची रिकामी काडतुसं वेच."

"कबूल!" टेसा ओरडली. आणि चिमणी नाही, चक्रीवादळ, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

घरी एक कानवाली दुनळी होती, शेकोटीवर टांगलेली, पणजोबांची. टेसाने तिच्याकडे नुसतं पाहिलं तर बाबा आडवे आले.

"हात लावू नकोस! हिची नळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली. आजचं काडतूस घातलंस तर बंदूक पाटीआधी आपणच फुटेल. तुला नवी घडवलेलीच हवी. रूप पणजोबांचं, पोलाद आजचं!"

बाबा म्हणजे गावचे दंतवैद्य, एव्हरेट लिंडग्रेन. क्लबात मात्र 'बिनभुलीचा बार्नी'. पंधरा वर्षांत ते त्या नावात इतके मुरले होते, की लोणच्यालाही लाज वाटावी.

पुढच्या शनिवारी सरावावरून दोघं तडक जिल्ह्याच्या गावी निघाले. दुकान पाचला बंद व्हायचं, तेव्हा कपडे बदलायला वेळ कुठला? बाबा लांब कोटात, टेसा घागऱ्यात. पेट्रोल पंपावरच्या माणसाने विचारलं, "घोड्यांना पाणी पाजायचंय का?"

दुकानात शिरताच टेसाला ती दिसली. अक्रोडाचा दस्ता, दोन काळ्या नळ्या आणि वर दिमाखात उभे दोन घोडे! गेल्याच वर्षी कारखान्यातून निघालेली, एकुलती एक. पण ती आधीच एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात होती. अंगात जीन्स, डोक्यावर ट्रॅक्टर कंपनीची टोपी, गळ्यात दोरीला चष्मा.

"काकू, तुम्ही घेताय का ही?" टेसाने श्वास रोखून विचारलं.

"छे गं, मी काडतुसं न्यायला आलेय. तुला हवीय?"

झालं! नळ फुटावा तसं टेसाचं तोंड सुटलं. पैज सांगितली, पट्टा सांगितला, आणि वर सगळा डावपेचही सांगून टाकला. "डोराआजी दर दोन बारांनी टोपी सावरतात. भली मोठी टोपी, सरकणारच! त्यात एक सेकंद जातो. तो सेकंद माझा!"

"अगं बाई! एवढं बारीक लक्ष?" बाई म्हणाल्या. "पण तू घोडे एकेक करून चढवतेस की काय? अंगठा असा आडवा टाक. दोन्ही एकदम मागे. बघ बरं."

टेसाने रिकाम्या बंदुकीवर करून पाहिलं. खट्! दोन घोडे, एक अंगठा. स्वर्ग!

इकडे गल्ल्यावर बाबा मुलीला भेट म्हणून बंदूक घेण्याचा सरकारी अर्ज भरत होते. दुकानदाराने ओळखपत्र पाहिलं. अर्ज पाहिला. पुन्हा ओळखपत्र पाहिलं.

"साहेब, इथे नाव लिंडग्रेन आहे. अर्जावर 'बिनभुलीचा बार्नी' कोण?"

"अरेच्चा! हात आपोआप गेला हो."

दुसरा अर्ज आला. बाबांनी जीभ दातांत धरून खरं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली, तारीख घातली.

"साहेब," दुकानदाराने पेन खाली ठेवलं, "हे १८८६ साल चालू आहे?"

टेसाने कपाळावर हात मारला. "बाबा! पहिलीतल्या पोरासारखं नाव आणि साल पाठ करून घेऊ का तुझ्याकडून?"

"तुम्हाला ओळखणाऱ्या कोणाला तरी फोन लावा," दुकानदार म्हणाला. आता त्याचा आवाज चांगलाच थंड झाला होता.

बाबांनी आईला फोन लावला. आई त्या वेळी क्लबाच्या खोपटात सरावाचे गुण मांडत बसली होती. दुकानदाराने विचारलं, "बाई, आपण कोण बोलताय?"

पलीकडून खणखणीत उत्तर आलं, "अंगार एमी! आणि तू कोण रे उपटसुंभा?"

दुकानदाराने बंदूक उचलून पुन्हा कपाटात ठेवली! टेसाच्या डोळ्यांपुढे उन्हाळाभर वेचायची काडतुसं नाचू लागली.

"अहो, द्या त्यांना," ट्रॅक्टरच्या टोपीवाल्या बाई पुढे झाल्या. "हा दंतवैद्यच आहे. माझी दाढ यानेच उपटलीय. आ!"

बाबांनी वाकून तोंडात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "खालची उजवी! दोन मुळांची! मिसेस ओल्सेन, तुम्ही होय? चेहऱ्यावरून ओळखलंच नाही!"

तिसरा अर्ज टेसाने बाबांच्या मनगटावर डोळे रोवून भरून घेतला. वरच्या कचेरीत फोन झाला, होकार आला, बंदूक मिळाली. परतीच्या साठ मैलांत तिने खिडकीबाहेरच्या गाईंनासुद्धा आपण जिंकल्यात जमा असल्याचं सांगितलं.

स्पर्धेचा शनिवार उजाडला. डोरा आली. काळा झगा, परातीएवढी टोपी, आणि टोपीला हनुवटीखाली घट्ट बांधलेली नवी कोरी नाडी!

टेसा त्या नाडीकडे बघतच राहिली. डोरा तिच्या कानाशी वाकली. "तो सेकंद तुझा म्हणे?"

तोच आवाज! टेसाने झगा वजा केला, टोपी वजा केली. उरली ट्रॅक्टरची टोपी. "बाबा!" ती किंचाळली. "डोराआजी म्हणजे तुझी खालची उजवी दाढ!"

"काय सांगतेस!" बाबा खुर्चीतून पडता पडता वाचले. "पंधरा वर्षं मी या बाईंच्या हातचे बीन्स खातोय, आणि दहा वर्षं त्यांच्या तोंडात बोटं घालतोय!"

तीन फेऱ्या, दर फेरीला चार पाट्या. पहिल्या फेरीत घड्याळ वाजलं, टेसाने दोन काडतुसं भरली, बंदूक मिटली, चाप ओढला. काही नाही! पुन्हा ओढला. शुकशुकाट! आईच्या बोडक्या बंदुकीची सवय. घोडे चढवायचेच राहिले होते.

"ससा झोपलाय गं!" मागून ऑड्री ओरडली. पहिली फेरी डोराची.

दुसऱ्या फेरीला अंगठा आडवा पडला. खट्! धाड, धाड! बंदूक उघडली, एक हिसडा, रिकामी काडतुसं खांद्यावरून मागे, नवी आत. खट्! धाड, धाड! चार पाट्या लोळल्या. दुसरी फेरी टेसाची, आणि माळावर अशी आरोळी उठली की पलीकडच्या हरणांनी जिल्हा बदलला.

शेवटच्या फेरीत डोरा आधी उभी राहिली. टोपी तसूभर हलली नाही. नऊ सेकंद, चार दशांश. मग टेसा. तिला आता ना नेल ऐकू येत होती, ना ऑड्री. फक्त तिचा अंगठा होता. खट्! खट्! शेवटची पाटी क्षणभर विचार करत उभी राहिली आणि पाठीवर पडली.

"नऊ सेकंद, एक दशांश!" आई ओरडली आणि गुणांचा कागद हवेत गेला.

डोराने स्वतः नाडी सोडली, पट्टा काढला आणि टेसाच्या टोपीला बांधला. टेसाने हळूच विचारलं, "डोराआजी, तुम्ही मुद्दाम तर नाही ना हरलात?"

"मुद्दाम हरणं मला जमतच नाही गं, चक्रीवादळ! म्हणून तर तुला अंगठा शिकवावा लागला." असं म्हणून तिने टेसाच्या हातात ती पळी दिली. "हे घे. पातेलं माझ्या गाडीत आहे."

"पातेलं?"

"जिच्याकडे पट्टा, तिच्याकडे पातेलं. चाळीस माणसांचे बीन्स, दर महिन्याला. नियम मीच केला होता. वाटलं होतं, जिंकेल दुसरीच कोणीतरी! एकोणीस वर्षं कांदे चिरतेय मी. 'सगळं तुझं' म्हटलं होतं ना?"

आणि दुनळी डोरा, आयुष्यात पहिल्यांदाच, वाडगा घेऊन रांगेत सर्वांत पुढे जाऊन उभी राहिली.

टेसाने पट्ट्याकडे पाहिलं. पळीकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी नीट केली, नवी दुनळी उघडून हातावर आडवी घेतली आणि आईबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय! हा पट्टा मी वीस वर्षं सोडणार नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून बीन्स आईने भिजत घालायचे आणि कांदे बाबाने चिरायचे."

"आणि तू?" दोघांनी एकदम विचारलं.

"मी?" पळी आईच्या हातात देत चक्रीवादळ म्हणाली. "मी जिंकणार!"