टेनिस कोर्टावरचं सोयाबीन

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महिला टेनिसचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा प्रा. कानिफनाथ तुरकणे यांचं नाव पहिल्या पानावर घालावं लागेल. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कॉलेजच्या मुलींनी सलग तीन वर्षं विभागीय अजिंक्यपद पटकावलं. या तीन वर्षांत संघाने एकही सामना गमावला नाही, एकही सेट गमावला नाही, इतकंच काय, एकही गुण गमावला नाही!

विभागात दुसरा संघच नव्हता.

तुरकणे सर मूळचे कबड्डीचे. राहात्याजवळच्या या कॉलेजात ते क्रीडाशिक्षक म्हणून लागले ते 'तात्पुरते', आणि इतकी वर्षं तात्पुरते राहिले की कायम असलेली माणसं त्यांच्यादेखत रिटायर होऊन गेली. दर दिवाळीला सासरे फराळाचं ताट पुढे सरकवत विचारायचे, "जावईबापू, अजून टेंपररीच का?" आणि सरांच्या घशात अनारसा अडकायचा.

एके वर्षी प्राचार्य म्हणाले, "तुरकणे, मुलींसाठी काहीतरी करून दाखवा." सरांनी विद्यापीठाचं खेळांचं परिपत्रक उघडलं आणि भरलेल्या एसटीत एखादा माणूस रिकामं बाक हेरतो तसं टेनिस हेरलं. या खेळात आपल्या विभागातून कोणीच उतरत नाही! दोन मुली, दोन रॅकेटा आणि फक्कीने मारलेल्या रेषा, एवढ्यावर संघ उभा राहिला. निरीक्षक आले, मुली रॅकेट घेऊन सावधान उभ्या राहिल्या, प्रतिस्पर्ध्यांची वाट पाहिली, कोणी आलं नाही, सगळ्यांनी चहा घेतला, अजिंक्यपद! पेपरात फोटो, चेअरमनच्या हस्ते सत्कार.

मुलीही काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. दिपाली पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिचा फटका कोयत्यासारखा बुडातून यायचा आणि चेंडू शोधायला शेजारच्या उसात शिरावं लागायचं. मोनिकाच्या घरी पेरूची बाग होती आणि बागेत पोपट होते, त्यामुळे सर्व्हिस करताना तिचा हात गोफण फिरवल्यासारखा फिरायचा.

"सर, तीन वर्षं झाली, आमच्या समोर कोनी उभं ऱ्हानार हाय का न्हाई?" दिपाली एकदा म्हणाली.

"दिपाली, अजिंक्य माणसाने असे प्रश्न विचारायचे नसतात."

"नुस्तं भिंतीशी खेळून भिंतीलासुद्धा कट्टाळा आला, सर."

चौथ्या वर्षी तिची इच्छा पुरी झाली. नगर शहरातल्या एका कॉलेजाने संघ दिला. खरा संघ! मुली लहानपणापासून क्लबात जाणाऱ्या, शिवाय वेगळ्या प्रशिक्षक मॅडम! बातमी वाचून सरांचा चेहरा सोललेल्या भुईमुगाच्या टरफलासारखा झाला. कारण नेमकं त्याच आठवड्यात संस्थेचे चेअरमन सूर्यभानआण्णा सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते, "तुरकणे, चवथा कप आना, तुमाला कायम करतो. शब्द हाय माजा!"

आता यजमान आपण, तर निदान कोर्ट तरी असं करू की पाहुण्यांचे डोळे दिपले पाहिजेत, असं सरांनी ठरवलं. मुरूम टाकला, वीटभट्टीचा लाल भुगा टाकला, पाणी मारून रूळ फिरवला, पुन्हा मारलं, पुन्हा फिरवला. भोवती जाळीचं कुंपण केलं. पंचांसाठी उंच खुर्ची वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. नवरात्र संपेपर्यंत कोर्ट असं झालं की त्यावर पाय ठेवताना सर स्वतःच चपला काढायचे.

आणि मग ते चेअरमनकडे बढाई मारायला गेले. हीच ती चूक!

"साहेब, कोर्ट बघाल तर बघत राहाल! एक खडा सापडला तर मिशी काढून देतो."

आण्णांनी पेपर खाली ठेवला. "खडा न्हाई?"

"औषधालासुद्धा नाही! तांब्याभर पाणी ओता, बघता बघता कोरडं!"

"ऊन कसं पडतं?"

"दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. झाडाची सावली म्हणून नाही."

आण्णा पुढे सरकून बसले. "शेळ्या-कोंबड्या?"

"कुंपण केलंय, साहेब! चिमणीसुद्धा विचारून येईल!"

"आन् मोठं किती?"

"ऐसपैस! चार माणसं पळाली तरी एकमेकांना धडकायची नाहीत."

"वा तुरकणे, वा! तुमी तर लई दिवसांचा प्रश्न सोडवला माजा!"

सर तरंगतच घरी गेले. चेअरमनसाहेबांना टेनिसचं इतकं सूक्ष्म ज्ञान असेल असं त्यांना वाटलं नव्हतं! आता ऐन सुगीत, ओल्या सोयाबीनचा ढीग अंगणात पडलेल्या माणसाला हे वर्णन कसलं वाटलं असेल, एवढाच विचार सरांनी केला नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी सर कोर्टावर आले, तर लाल कोर्ट पिवळं झालेलं! या रेषेपासून त्या रेषेपर्यंत सोयाबीन पसरलेलं. नेट सोडून कुंपणाची फट बुजवायला बांधलेलं. आणि पंचांच्या उंच खुर्चीवर चेअरमनच्या पत्नी, मनकर्णाकाकू, हातात लांब काठी घेऊन पाखरं हाकलत बसलेल्या!

"काकू! हे काय?"

"सोयाबीन."

"ते दिसतंय हो! पण इथं कसं?"

"मंग कुटं? घरापुढं चिखूल हाय. आमचे म्हनले, तुरकणे सरांनी कालेजात खळं केलंय, तालुक्यात तसं न्हाई. खरंच चांगलं केलंय हां! आन् ही बसायची उंच खुर्ची तर लईच ब्येस! समदं दिसतं."

"काकू, हे खळं नाही, टेनिसचं कोर्ट आहे! आज मॅच आहे! नगरचा संघ निघालाय!"

"येऊ द्या की. च्या टाकायला सांगते."

सरांनी चेअरमनना फोन लावला.

"साहेब, कोर्टावर आपलं सोयाबीन..."

"बघितलं का? कसं वाळतंय? म्या काल सगळ्यांना सांगितलं, तुरकणेसारखा मानूस न्हाई!"

"पण साहेब, मॅच आहे आज!"

"मंग घ्या की कडंकडंनं!"

फोन बंद. आणि कॉलेजच्या फाटकातून नगरचा टेम्पो ट्रॅव्हलर आत वळला.

त्यातून पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या मुली उतरल्या, त्यांच्या प्रशिक्षक आरती मॅडम उतरल्या, आणि पुढच्या सीटवरून विद्यापीठाचे निरीक्षक रविराज सर उतरले. निरीक्षक मूळचे कुस्तीचे, त्यामुळे टेनिसबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की मध्ये जाळी असते. नियम मात्र पाठ. उतरल्या उतरल्या म्हणाले, "अकराला कोर्ट तयार पाहिजे. यजमानांचं कोर्ट तयार नसेल तर पाहुण्यांना पुढे चाल!"

सरांच्या डोळ्यांपुढे सासऱ्यांचं फराळाचं ताट उभं राहिलं. ते खुर्चीखाली धावले.

"काकू, पाया पडतो, हे उचलू द्या!"

"वलं भरलं तर बुरशी धरंल. खालून दमट हाय अजून. पोरी लावा पाय फिरवायला. खालचं वर झालं की अकराच्या आत भरता येईल."

दुसरा इलाज नव्हता. दिपाली आणि मोनिका बूट काढून सोयाबीनमध्ये शिरल्या आणि पाय ओढत, सरळ तास पाडत, या टोकापासून त्या टोकाला निघाल्या. तेवढ्यात निरीक्षक कुंपणापाशी आले.

"तुरकणे, हे काय चाललंय?"

सरांनी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडणार आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"फुटवर्क!"

"काय?"

"फुटवर्क, सर! दाण्यावर पाय घसरतो. घसरत्या जमिनीवर तोल सांभाळला की कोर्टावर माणूस वाऱ्यासारखा पळतो. म्हणूनच तर तीन वर्षं अजिंक्य!"

निरीक्षकांनी मान डोलावली. कुस्तीत लाल मातीत ताक-तेल घालतात, मग टेनिसमध्ये सोयाबीन का नको? पण आरती मॅडमचे डोळे चमकले.

"आमच्याकडे नुसत्या जमिनीवर शिड्या टाकून पळवतात," त्या हळूच म्हणाल्या. "हे अगदी ऑरगॅनिक वाटतंय. आमच्या मुलींनी केलं तर चालेल?"

"मॅडम, आमचं गुपित आहे... पण करा!" सर म्हणाले. पाय जेवढे जास्त तेवढं लवकर वाळणार!

पांढरे मोजे घालून नगरच्या मुली सोयाबीनमध्ये उतरल्या. एकीने दोन उड्या मारल्याबरोबर वरून काठी रोखली गेली.

"अगं ए पांढरे! पाय उचलू नको, वढ! उचलून आपटलास की डाळ होती त्याची!"

मुलगी दचकून पाय ओढायला लागली.

"या कोण?" आरती मॅडमनी विचारलं.

"आमच्या... वरिष्ठ प्रशिक्षक."

निरीक्षकांनी खालून वाकून नमस्कार केला. काकूंनी काठी हलवून तो स्वीकारला.

सगळं इतकं झकास चाललं होतं की सरांना क्षणभर आपण खरंच काहीतरी शोधून काढलंय असं वाटायला लागलं. आणि तेवढ्यात उगवतीकडून आभाळ चढलं. काळंभोर! काकू खुर्चीवर ताडकन उभ्या राहिल्या.

"भराऽऽ!"

त्या आवाजापुढे विद्यापीठाचे नियम वगैरे काही उरलं नाही. पोती आली, घमेली आली, खराटे आले. दिपाली घमेलं भरून देतेय, मोनिका ओततेय, निरीक्षक पोत्याचं तोंड धरून बसलेत, आरती मॅडम ओढणी कमरेला खोचून खराटा मारताहेत! नगरच्या मुलींना हा फुटवर्कनंतरचा हातांचा व्यायाम वाटला. त्यांनीही कसर ठेवली नाही. आणि तुरकणे सर! कबड्डीत चढाईला जावं तसे ते ढिगावर तुटून पडले. कोणाला कुठे उभं करायचं, पोतं किती भरायचं, कुठलं आधी शिवायचं, त्यांचं डोकं अंगात आल्यासारखं चाललं होतं. अकरा वर्षांच्या शिकवणीत त्यांनी कोणाला एवढं नीट शिकवलं नव्हतं.

सर दातात सुतळी धरून दाभणाने शेवटचं पोतं शिवत होते तेव्हा आण्णा येऊन ठेपले. ट्रॅक्टर चिखलात रुतला होता, म्हणून पोती नगरच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सीटवर बसवून रवाना झाली. आण्णांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "तुरकणे, आज तुमचं काम पक्कं!"

कोर्ट झाडलं, नेट बांधलं, फक्की मारली. अकराला निरीक्षकांनी पुकारा केला, "दोन्ही संघ हजर!"

दिपाली आणि मोनिका रॅकेटा घेऊन आल्या. दिपालीचे डोळे असे चमकत होते की बस्स! समोर खरीखुरी माणसं!

खरीखुरी माणसं नळाखाली बसली होती. सोयाबीनची कुसळं जन्मात अंगाला न लागलेल्या त्या मुली दोन्ही हातांनी खाजवत होत्या. एकीची मान, दुसरीचे दंड, तिसरीचं सगळंच लालेलाल!

"सर, रॅकेट धरायला एक तरी हात मोकळा लागतो हो," आरती मॅडम रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आम्ही माघार घेतो."

"यजमानांना पुढे चाल! अजिंक्यपद!" निरीक्षकांनी जाहीर केलं आणि तेही पाठ खाजवायला लागले.

दिपालीने रॅकेट जमिनीवर आपटली. "आज तर आल्या होत्या ओ, सर! आज तर पार इथवर आल्या होत्या!"

सरांना तिच्याकडे बघवेना. पण घरी सांगायला चौथा कप होता. काळं आभाळ तोवर तसंच पुढे निघून गेलं. एक थेंबही पडला नाही.

सत्कार हॉलमध्ये झाला. शाल, नारळ, हार. आण्णा माईकपुढे उभे राहिले.

"तुरकणे सरांनी आज जे केलं ते म्या डोळ्यांनी बघितलंय. शब्द दिला हुता, पाळतो! तुरकणे आजपासून कायम!"

टाळ्या! सरांच्या डोळ्यांत पाणी. मनातल्या मनात त्यांनी अनारसा सबंध गिळला.

"असा मानूस कालेजात कुजवायचा न्हाई!" आण्णा पुढे म्हणाले. "आपल्या खरेदी-विक्री संघाच्या गोडाऊनवर त्यांना गोडाऊन कीपर म्हनून घेतलंय. सोमवारपासनं!"

टाळ्या आणखी जोरात.

"साहेब," सर माईकच्या बाजूने कुजबुजले, "पण टेनिस?"

"टेनिसला मानूस कशाला लागतो, तुरकणे? चार वर्षं बघतोय, कप आपोआप येतो!"

सर शाल आणि नारळ घेऊन बाहेर आले. कोर्टावरून ठक ठक आवाज येत होता. गाडी सोयाबीन उतरवून अजून परत आली नव्हती. काकूंनी नगरच्या मुलींच्या अंगाला खोबरेल तेल चोळून दिलं होतं, खाज उतरली होती, आणि बसून बसून कंटाळून त्या दिपाली-मोनिकाशी खेळायला उतरल्या होत्या. पंचांच्या खुर्चीवर काकूच होत्या. चेंडू इकडून जात होता, तिकडून परत येत होता. सरांनी हे प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिलं. दिपालीला ओरडून काहीतरी सूचना द्यावी असं त्यांना फार वाटलं. नारळ या हातातून त्या हातात घेतला. काय सांगायचं ते काही सुचलं नाही.

"सर, हारलो!" दिपाली घामाघूम होऊन कुंपणाशी आली. इतकी खूष ती चारही कपांना नव्हती. "सहा-शून्य हारलो! त्या म्हनत्यात आजून एक सेट घेऊ!"

आणि पळाली.

सोमवारी सर गोडाऊनवर रुजू झाले. शटर वर केलं. आत सोयाबीनचा दाणाही नव्हता, मका होता.