नाडी सापडत नाही

यंत्र कधीही खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस.

हे वाक्य माझं स्वतःचं आहे. गेली चोवीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस आहे आणि दिवसातून किमान चार तक्रारदारांना ते ऐकवतो. मागच्याच महिन्यात एक बाई आल्या होत्या. "अहो, महिनाभर घराला कुलूप होतं, तरी तीस हजार लिटर कसे?" मी तपासणीसाठी काढून आणलेल्या त्यांच्या मीटरच्या काचेवर टिचकी मारली आणि म्हणालो, "आकडा आहे तो आहे."

त्यामुळे छातीचे ठोके मोजणारं यंत्र निवडायची वेळ आली, तेव्हा कुणाचा सल्ला घ्यायचा प्रश्नच नव्हता!

ती वेळ आणली साडूंनी. साडू दूध आणायलासुद्धा पळत जातात, म्हणून घरात त्यांचं नाव एक्स्प्रेस. जेवताना गावातल्या पळण्याच्या शर्यतीचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांदेखत ते म्हणाले, "दहा किलोमीटर? दादा, तुम्ही बसने या, मी शेवटच्या स्टॉपवर भेटतो!" मी भरल्या तोंडाने जाहीर केलं, की यंदाची शर्यत मी पूर्ण करून दाखवणार. घास गिळेपर्यंत बायकोने फोनवरून माझं नाव नोंदवलंसुद्धा.

अडचण एकच होती. पन्नाशीच्या पुढच्यांना डॉक्टरांचं पत्र लागतं. एक्स्प्रेसच्याच इमारतीतल्या डॉक्टरबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मी कुठेतरी भेटलो असणार, असा त्यांचा चेहरा होता. "सात दिवसांची नोंद पाठवा," त्या म्हणाल्या. "ठोके एकदाही दीडशेच्या वर गेले, तर सही नाही."

खेळाच्या दुकानात तीन प्रकार होते. मनगटावरचं, दंडावरचं आणि छातीचा पट्टा. मी पडलो मीटरवाला! तिन्ही एकदम अंगावर चढवली आणि दुकानातच जागच्या जागी पळालो. मनगट म्हणालं एकशे बारा. दंड म्हणाला अठ्ठ्याऐंशी. छाती म्हणाली एकशे एकतीस.

"यातला खरा आकडा कोणता?" मी धापा टाकत विचारलं.

"तुम्हाला कोणता आवडला?" दुकानदार म्हणाला.

यंत्र खोटं बोलत नाही, म्हणजे मला हृदयं तीन असणार. मी गोंधळून, स्वतः न मोजता पट्ट्याचा आकडा दाखवणारं घड्याळ घेतलं आणि घरी आलो. मोजण्यासाठी एक्स्प्रेसनी त्यांचा पट्टा एक दिवस वापरायला दिला. तो घड्याळाला जोडून पाहिला, पसंत पडला, आणि मग हुबेहूब तसाच माझा घेतला. सोबत दुकानदाराने एक पळायची चड्डी गळ्यात मारली. गळ्यात म्हणजे अर्थात कमरेला. एक माप मोठी, "हवा खेळती राहते, साहेब!" घड्याळ मी मराठीत लावून घेतलं, आणि त्यातली नोंद थेट डॉक्टरबाईंच्या फोनवर जाईल अशी सोयही करून घेतली. पट्टा अंगावर नसला, की ते अदबीने सांगायचं : 'नाडी सापडत नाही.'

सहा दिवसांची नोंद फ्रेम करून लावावी अशी झाली. कमाल एकशे अडतीस! सातव्या दिवशी सकाळी घड्याळ हाताला बांधलं, पट्टा ओला असला तरच ठोके पकडतो म्हणून तो नियमाप्रमाणे बेसिनमध्ये भिजत टाकला, जुनी चड्डी वाळत होती म्हणून नवी चढवली, आणि ती थेट गुडघ्यावर आली.

"अहो, नाडी आत गेली असेल," बायको म्हणाली. "आडवे व्हा. अंगावरच काढते. उतरवली तर आणखी आत जाईल."

यातलं शास्त्र मला कळलं नाही, पण मी आडवा झालो. बायको सेफ्टी पिनेने पुढच्या भोकातून शोध घेऊ लागली. तेवढ्यात तिच्या बहिणीचा, म्हणजे एक्स्प्रेसच्या बायकोचा, फोन आला. बायकोने तो खांदा आणि कान यांच्यात धरला.

"अगं, कसलं पळणं! यांची नाडी सापडत नाहीये... हो ना, केव्हाची बघतेय... आडवं केलंय त्यांना... मघाशी जरा हाताला लागल्यासारखी वाटली, पण नाहीच... रडतेस काय वेडे! नाहीच सापडली तर परत करू. सात दिवसांच्या आत परत घेतात!"

फोन बंद झाला. "हळवी आहे फार," बायको म्हणाली.

दहा मिनिटांत डॉक्टरबाई पेटी घेऊन दारात! मी दचकून उठून बसलो आणि दोन्ही हातांनी चड्डी गच्च धरली.

"हात द्या," त्या म्हणाल्या.

"देता येणार नाही."

"हलत नाही का हात?"

"हलतो. सोडता येत नाही."

डॉक्टरबाईंनी गंभीरपणे काहीतरी लिहून घेतलं. मग वाकून माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं : 'नाडी सापडत नाही.'

"मी हेच सांगत होते!" बायको पिन नाचवत म्हणाली.

इतक्यात डॉक्टरबाईंच्या स्कूटरमागून पळत निघालेले एक्स्प्रेस आत घुसले. "दादा! दादा, मी गमतीत म्हणालो होतो हो! नका पळू!" त्यांनी मला मिठी मारली. घड्याळ पीं पीं वाजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर!

"झोपवा यांना!" डॉक्टरबाई ओरडल्या. मी निमूट झोपलो. मला तर काहीच होत नव्हतं, पण आकडा समोर होता आणि चोवीस वर्षांची सवय! मी घाबरलो. एक्स्प्रेस पाणी आणायला स्वयंपाकघराकडे धावले. एकशे एक्क्याऐंशी! येऊन माझ्या उशाशी टेकले. एकशे साठ. "उतरतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. एक्स्प्रेसना हुंदका आला. एकशे सत्तर!

"अहो," बायको बेसिनकडे बघत म्हणाली, "तुमचा पट्टा तर भिजतोय. मग हे घड्याळ कुणाचं मोजतंय?"

सगळ्यांनी एक्स्प्रेसकडे पाहिलं. त्यांनी हळूच शर्ट वर केला. आत त्यांचा पट्टा होता. घड्याळ त्याला विसरलं नव्हतं.

मी सुटकेचा नि:श्वास टाकला. "बघा डॉक्टरबाई! ही नोंद माझी नाहीच. तेवढी खोडा आणि सही करा, बारापर्यंत पत्र द्यायचंय."

डॉक्टरबाईंनी फोनवर आपोआप पोचलेली माझी नोंद पाहिली. "पळताना एकशे अडतीस. आडवे पडल्यावर एकशे एक्क्याऐंशी."

"पण ती माझी नाही ना!"

"महिनाभर घराला कुलूप होतं," त्या अगदी थंडपणे म्हणाल्या, "असं मीसुद्धा म्हणत होते." आणि माझ्या घड्याळाच्या काचेवर टिचकी मारली. "आकडा आहे तो आहे."

शर्यतीच्या दिवशी मी एक्स्प्रेसची पाण्याची बाटली धरून उभा होतो. बसने गेलो होतो. शेवटच्या स्टॉपवर.

दुसऱ्या दिवशी चड्डी परत करायला गेलो. सात दिवस उलटले होते, तरी दुकानदाराने ती हातात घेऊन पाहिली.

"नाडी आत गेलीय," मी म्हणालो.

"या मॉडेलला नाडी येतच नाही, साहेब," तो म्हणाला. "ती भोकं नुसती शोभेची असतात."